अप्पांचा गुलाबी संडास

अप्पा कुणाच्याही घरी गेले की आधी संडास बघायचे. देवघर नंतर, माणसं त्याच्याही नंतर. मी परभणीला बदलून आले आणि वसमत रोडच्या आतल्या अंगाला त्यांच्या शेजारचं घर भाड्यानं घेतलं. माझ्या सामानाच्या दोऱ्यासुद्धा अजून सुटल्या नव्हत्या. पांढरं धोतर, वर बनियन, कपाळावर भस्माचे ठसठशीत पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची पेटी, असा एक आडवा माणूस फाटकातून सरळ आत आला. मला वाटलं, चहाचं विचारायला आले असतील. ते माझ्या बाजूनं पुढे गेले, मागच्या संडासाचं दार उघडलं, बादलीभर पाणी ओतलं आणि कान देऊन ऐकत उभे राहिले.

"ढाळ न्हाई," बाहेर येऊन म्हणाले. "मालकानं काटकसर केलीय. रोज एक बादली जास्त टाकत जा, मॅडमबाई. मी शिवमूर्तीअप्पा, शेजारचा. चहाला या."

झाली ओळख.

स्टेशनच्या रस्त्यावर त्यांचं सॅनिटरीचं दुकान होतं. कमोड, बेसिन, नळ, टाक्या. दुकान आता महेश, म्हणजे त्यांचा मुलगा बघायचा. पण अप्पांनी जन्मभर हाच माल विकलेला, त्यामुळे ज्या विषयाला बाकीची माणसं आवाज खाली आणतात तो ते भर पंगतीत काढायचे. लग्नात जिलबीचा आग्रह करताना "पोट साफ व्हायलंय ना?" असं विचारायचे, आणि समोरचा हो म्हणाला की मगच दुसरी वाढायचे. नवऱ्या मुलाच्या मामालासुद्धा ही सवलत नव्हती.

महेशसाठी गंगाखेडला मुलगी बघायला गेले तेव्हाची गोष्ट मला खुद्द रेणुकानंच, म्हणजे त्यांच्या सुनेनं सांगितली. "पोहे पुढं ठेवले, तर हे म्हणले, आधी जरा जाऊन येतो. गेले ते लवकर येईनातच. आमचे बाबा घाबरले, पाहुण्याला आत काय झालं की काय. मग हे बाहेर आले, हात पुसले आन् म्हणले, पोरगी पसंत हाय. मॅडम, मी तर अजून चहाचा ट्रे घेऊन बाहेर बी आले नव्हते!"

मी अप्पांना विचारलं, तर त्यांना त्यात काही वावगं दिसेना. "पाहुणे येणार म्हणल्यावर लोक सगळं घर पुसून ठेवतात. भांड्याच्या मागचा कोपरा कुणी पुसत न्हाई. तिथं बी लख्ख होतं. आता पोरीत काय बघायचं राहिलं?"

"तो कोपरा आमच्या आईनं घासला होता," रेणुका मला नंतर म्हणाली. "पण मी कशाला सांगू?"

महेश आणि रेणुका दुकानाच्या वरच्या मजल्यावर राहायचे. इकडच्या घरात माणसं दोन, अप्पा आणि त्यांची बायको अक्का. संडास चार. जे मॉडेल दुकानात खपलं नाही ते घरी बसलं, असा हिशोब. चौथा जिन्याखाली होता, त्याचं दार अंगणात उघडायचं आणि तो गुलाबी होता. एका गुत्तेदारानं, म्हणजे कंत्राटदारानं, नव्या बंगल्यासाठी हे भांडं खास मागवलं होतं. त्याच्या बायकोनं एकदा बघितलं आणि म्हणाली, ह्याच्यावर बसायला मला कसंतरीच वाटंल. ते परत आलं, वर्षानुवर्षं दुकानात धूळ खात पडलं, आणि शेवटी अप्पांनी जिन्याखाली त्याची प्रतिष्ठापना केली. वर गुलाबी टाइल्स, गुलाबी बेसिन. अक्का त्यात पाऊल टाकायच्या नाहीत. "बर्फीच्या डब्यात बसल्यावाणी वाटतंय," म्हणायच्या.

समोर पतंगे राहायचे. कोषागारातून निवृत्त झालेले, कॉलनीचे अध्यक्ष. त्यांच्याकडे रोज एक तरी पार्सल यायचं. एका दुपारी मी सुट्टी म्हणून घरी होते. पार्सल घेऊन नामदेव आला होता. चाळिशीचा माणूस, गंगाखेडकडचा, आधी साखर कारखान्यावर हंगामी कामाला होता. "तवा हाताखाली साखर होती, आता अंगात हाय," असं तो हसत सांगायचा. त्या दिवशी मात्र हसत नव्हता.

"साहेब, जरा बाथरूमला जाऊ का? शुगर हाय मला. दम निघत न्हाई."

"घरात बायका-माणसं आहेत," पतंगे पार्सल चाचपत म्हणाले. "पुढे बघा कुठंतरी."

"पुढं कुठं, साहेब?"

पतंग्यांनी बाजूच्या रिकाम्या प्लॉटकडे बोट केलं. प्लॉटच्या भिंतीवर लाल अक्षरांत 'येथे लघवी करू नये' असं लिहिलं होतं. ते पतंग्यांनीच अध्यक्ष झाल्या झाल्या लिहून घेतलं होतं. त्यांचं बोट हवेतच जरा थांबलं आणि खाली आलं.

"ओ पार्सलवाले!" अप्पा अंगणातल्या खुर्चीतून ओरडले. "इकडं या. ते जिन्याखालचं दार."

नामदेव धावत आला आणि दाराशी थबकला. "अप्पा, बूट काढू का?"

"देऊळ हाय का ते? पळ!"

दार लागलं. अप्पा बाहेरून मोठ्यानं म्हणाले, "निवांत होऊ दे. घाई करू नको. आन् टाकीचं बारकं बटण दाब, मोठ्यानं लय पाणी जातंय."

नामदेव बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा दुसऱ्याच माणसाचा होता. अप्पांनी त्याला वाटेला लावलं आणि पतंग्यांकडे वळले. "पतंगेसाहेब, तुमचा मिक्सर ह्यानं आणायचा, तेल ह्यानं आणायचं, गुडघ्याचा पट्टा ह्यानंच आणायचा. ह्यानं आणलेलं तुमच्या घरात चालतंय. ह्याच्या आतलं ह्यानं कुठं टाकायचं, तेवढं सांगा की."

पतंगे पार्सल घेऊन आत गेले.

नामदेवनं दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला. उन्हाळा लागेपर्यंत अप्पांच्या फाटकाशी दुपारी लाल, निळे, पिवळे टी-शर्ट दिसायला लागले. कुणी जेवणाचे डबे पोचवणारा, कुणी औषधं, कुणी पंखे-कुलर. ते त्या जागेला नुसतं 'गुलाबी' म्हणायचे. "गुलाबीला जाऊन येतो, मग पुढची डिलिव्हरी." अप्पा प्रत्येकाला बाहेर आल्यावर अभिप्राय विचारायचे. उंची बरोबर वाटली का, मांड्या अवघडल्या का, पाण्याचा जोर कसा होता. एवढी वर्षं माल विकला पण वापरणारा माणूस कधी समोर भेटला नाही, म्हणायचे. आता गिऱ्हाईक आतून ताजं बाहेर येतंय.

पतंगे दोघातिघांना घेऊन बोलायला आले. त्यांचे मुद्दे खोटे नव्हते, हे मला मान्य करायलाच हवं. आमच्याकडे नळाला आठ-आठ दिवस पाणी यायचं नाही. अनोळखी माणसं दिवसभर कॉलनीत रेंगाळायची. कोण कसला आजार घेऊन येईल, सांगता येत नव्हतं. आणि पतंग्यांच्या मिसेस दुपारी एकट्या असायच्या.

अप्पांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "टँकर माझ्या पैशाचा. भांडं माझं. मुतणारा देवाचा. तुमचं ह्यात नुकसान कुठं हाय, ते दाखवा."

"उद्या चोरी झाली तर?"

"संडासातून काय चोरून नेतील, साहेब? न्यायची ती वस्तू ते ठेवून जायलेत."

मंडळी उठली. पतंगे जाताना म्हणाले, "तुम्हाला काही बोलण्यात अर्थ नाही." अप्पांना ती कौतुकाची पावती वाटली.

पण खरी अडचण पतंगे नव्हतेच.

कुणा बहाद्दरानं मोबाइलच्या नकाशावर ती जागा टाकून दिली, 'अप्पांचा गुलाबी संडास' अशा नावानं, वर फोटोसकट. एका शनिवारी पोखर्णीच्या नृसिंहाला निघालेली जीप अप्पांच्या दाराशी येऊन थांबली. आतून आजोबा, आज्या, सुना, लेकरं, असं अख्खं खानदान उतरलं. सार्वजनिक सोय समजून त्यांनी रांग लावली. एका आजीनं तर अप्पांना "ए बाबा, साबण कुठाय?" म्हणून दरडावलं. अप्पा खूश. त्यांनी साबण दिला, अक्कांना सगळ्यांचा चहा टाकायला सांगितलं आणि लेकरांना टाकीचं बारकं बटण समजावून सांगितलं. लेकरांनी मोठं बटण मनसोक्त दाबलं.

जीप गेली. अक्का अंगणात आल्या. बारकुळ्या, कमी बोलणाऱ्या बाई. मी कुंपणापलीकडे कपडे वाळत घालत होते. हातातला ब्रश त्यांनी अप्पांच्या मांडीवर ठेवला.

"हे घ्या."

"काय?"

"ब्रश. दार तुमी उघडायलात. निवांत होऊ दे, तुमी म्हणायलात. घासायली कोण?"

अप्पांनी ब्रश उलटसुलट करून बघितला.

"कामवाली म्हणली, घरच्यांचं घासीन, गावाचं घासणार न्हाई. बरोबर बोलली ती. तवापासून मी घासायले. जगाला सांगत फिरता, जन्मभर भांडी विकली म्हणून. एक दिवस एक तरी भांडं घासलंय का? पुण्य तुमचं आन् ब्रश माझा?"



दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा आटोपून, भस्म लावून, धोतर गुडघ्यापर्यंत खोचून अप्पा गुलाबीत शिरले. त्यांनी अर्धी बाटली ॲसिड ओतलं असावं, कारण क्षणात खोकत बाहेर आले, डोळ्यांतून पाणी. तोंडाला उपरणं बांधून पुन्हा आत गेले. दाराबाहेर अक्का कमरेवर हात ठेवून उभ्या.

"कडेनं घासा. कडेनं! आतल्या वळणात कोण घासणार, गुत्तेदार?"

"हात पोचत न्हाई गं."

"माझा कसा पोचत होता?"

भांड्याच्या गुलाबीवर त्या दिवशी ॲसिडचा पांढरा चट्टा पडला तो कायमचा. अप्पा घामानं निथळत खुर्चीत येऊन बसले. मी चहा घेऊन गेले. 

"मॅडमबाई, ह्याचा आतला काठ लय वाईट काढलाय कंपनीनं," अप्पा म्हणाले. "मी लोकान्ला 'साफ करायला एकदम सोपं' म्हणून विकायचो. इतक्या वर्षांत एका बाईनं येऊन मला शिव्या घातल्या न्हाईत." मग चहाचा घोट घेऊन हळूच म्हणाले, "बायका दुकानात आल्याच न्हाईत म्हणा. भांडं पसंत करायला बापेच यायचे."

त्या दिवसापासून घासणं अप्पांकडे. हळूहळू हात बसला. ते उघड्या दारानं, मोठ्यानं गप्पा मारत घासायचे, त्यामुळे कॉलनीला कळलं, कॉलनीकडून बाजाराला, बाजारातून पाहुण्यारावळ्यांना. कुठल्याशा लग्नात कुणीतरी महेशला विचारलं, "तुमचे अप्पा आता लोकांचे संडास धुतात म्हणे?" महेश जेवण टाकून निघाला तो थेट इकडे. त्यानं गुलाबीला कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली. "बाजारात तोंड दाखवायला जागा ठेवली न्हाई तुमी," एवढंच म्हणाला आणि गेला.

  दुसऱ्या दिवशी सकाळी कडक इस्त्रीचं धोतर, वर कोट, डोक्याला टोपी, असे अप्पा फाटकाशी उभे. मला स्वयंपाकघरातला नळ बदलायचा होता. "चला, दुकानावरच चाललोय," म्हणाले. आम्ही ऑटोनं गेलो.

दुकानाच्या दर्शनी भागात, रस्त्याकडे तोंड करून, एका चौथऱ्यावर सगळ्यात महागाचं पांढरंशुभ्र कमोड मांडलेलं होतं. अप्पा शांतपणे चौथऱ्यावर चढले, धोतर सावरलं, झाकण खाली केलं आणि त्याच्यावर बसले. कोटाच्या खिशातून पेपर काढून वाचायला लागले.

महेश गल्ल्यावर होता. त्यानं आधी दुर्लक्ष केलं. तेवढ्यात झरी गावचं एक जोडपं आलं, नवीन घरासाठी भांडं बघायला. नवऱ्याला ते पांढरंच आवडलं. "हे केवढ्याला?"

"थांबा," पेपरमधून अप्पा म्हणाले. "बसलोय."

रस्त्यावर माणसं थांबायला लागली. पानवाला आला. शेजारच्या कापड दुकानातली माणसं आली. कुणीतरी मोबाइल वर धरला.

महेश जवळ येऊन दबक्या आवाजात म्हणाला, "अप्पा, उठा. लोक बघायलेत."

"बघू दे. लोकान्नी बघावं म्हणूनच मांडलंस ना?"

"इज्जत जायली आपली!"

"जाऊ दे. मला बी जायचंय. पण घरी कुलूप हाय."

"घरी अजून तीन हायत अप्पा!"

"मी जाईन रे तिन्हीत." अप्पांनी पेपर खाली केला. "नामदेवनं कुठं जायचं? आपल्याला चार आन् त्याला एक बी न्हाई. तुला बाजाराची लाज वाटती, मला ह्याची वाटती. आपली जी काय इज्जत हाय ती लोकांच्या हागण्यावर उभी राहिलेली हाय बाबा. तुझी शाळा, कॉलेज, ही काचंची दारं. मग आता नाक कामून मुरडायलास?"

महेश लाल झाला. झरीच्या बाई इतका वेळ पदर तोंडाला लावून हसत होत्या. त्या पुढे आल्या. "बाबा, ह्याला घासायला सोपं जातं का हो?"

अप्पा ताडकन उठले. "न्हाई, बाई. हे घेऊ नका. आतला काठ उलटा हाय, हात पोचत न्हाई, मी सांगतो ना. महेश, ह्यान्ला ते मागचं साधं दाखव. स्वस्त बी हाय."

दुकानातला सगळ्यात महाग माल बापानं असा भर बाजारात बुडवल्यावर महेशनं खिशातून किल्ली काढली आणि त्यांच्या हातात ठेवली. "जा तुमी," म्हणाला. "घरी जा. पाया पडतो."

माझा नळ त्या गडबडीत राहिलाच.

आता सुनंदाचं. झरीकडचीच ही बाई, तिशीची, स्कूटीवरून पार्सलं वाटायची. डोक्याला आणि तोंडाला ओढणी गुंडाळलेली, नुसते डोळे दिसायचे. माझ्याकडे ती नेहमी यायची. मी पाणी पुढे केलं की "नको मॅडम," म्हणून मागे सरायची. परभणीच्या एप्रिलमध्ये माणूस पाणी नको म्हणतो, हे मला नवल वाटायचं, पण मी त्याच्यापुढे विचार केला नव्हता. अक्कांनी केला.

"पोरी, तू पाणी कामून पीत न्हाईस?"

"पाणी पिलं की जावं लागतं, अक्का."

"मग जा की. एवढे बापे जायलेत."

सुनंदानं जिन्याखालच्या दाराकडे बघितलं. दारापासून हातभर अंतरावर अप्पांची खुर्ची, खुर्चीत अप्पा. तिनं मान हलवली. लघवीला दोनदा जळजळ होऊन दवाखान्यात जाऊन आले, असं ती अक्कांना कानात म्हणाली, पण तिथं नको.

त्या संध्याकाळी अक्कांनी अप्पांना सांगितलं. "तुमी तिथं बसता. आतला आवाज बाहेर येतो. बाईमाणसाला लाज वाटणार न्हाई का?"

"मी काय कान लावून बसलोय? खुर्ची फाटकाशी नेतो."

खुर्ची फाटकाशी गेली. सुनंदा एकदा धीर करून आत गेली. नेमका तेव्हाच एक घाईतला पिवळा टी-शर्ट अप्पांना चुकवून आत घुसला आणि त्यानं दारावर थापा मारल्या. सुनंदा तशीच बाहेर आली, स्कूटीला किक मारली आणि पुढे कितीतरी दिवस आमच्या गल्लीत पार्सल आलं की फाटकातूनच देऊन जायची.

अप्पांना हे लागलं. एवढा सगळ्यांच्या पोटाची चौकशी करणारा माणूस, त्याला ह्या एका बाईला काही विचारायची सोय नव्हती. खुर्ची दाराशी ठेवावी तर तिला लाज, लांब न्यावी तर दार राखायला कुणी नाही. अक्का दिवसभर तिथं बसू शकत नव्हत्या. अप्पा दोन-तीन दिवस नुसते अंगणात खुर्ची हलवत होते.

मग एका दुपारी सुनंदा पतंग्यांच्या दारात पार्सल देत असताना अप्पांनी खुर्ची उचलली, जिन्याखालच्या दाराशी आणली, पाठ दाराकडे केली आणि गायला लागले. त्यांना शिवाचं एकच भजन यायचं, आणि त्याच्याही दोनच ओळी. आवाज तोटी फुटल्यासारखा. पण बुलंद. गल्लीच्या टोकापर्यंत दुसरा कुठलाही आवाज शिल्लक राहिला नाही. पतंगे गॅलरीत आले. माझ्या भिंतीवरची पाल आत गेली.

अक्का फाटकाशी गेल्या आणि सुनंदाचा हात धरून म्हणाल्या, "चल. आता देवाला बी ऐकू यायचं न्हाई."

ती हसली. ओढणी खाली सरकली आणि तिचा पूर्ण चेहरा मी तेव्हा पहिल्यांदा बघितला.

तेव्हापासून हे ठरूनच गेलं. सुनंदाची स्कूटी थांबली की भजन सुरू. ती बाहेर येऊन तांब्याभर पाणी पिऊन निघाली की बंद. पुढे तिच्याबरोबर औषधं वाटणारी दुसरी एक बाई यायला लागली, तेव्हा त्या दोन ओळी दिवसातून कितीदा ऐकाव्या लागल्या त्याची गणती नाही. पतंग्यांनी एकदा कुत्सितपणे विचारलं, "अप्पा, भक्ती वाढली वाटतं?" अप्पा म्हणाले, "देवासाठी गायलो असतो तर सुरात गायलो असतो, साहेब."

माझी लातूरला बदली झाली. मी गेल्यावर पुढच्याच वर्षी अप्पा गेले. रेणुकाचा फोन आला तेव्हा मला रजा मिळाली नाही आणि माती द्यायला जाता आलं नाही. त्यामुळे माझ्याकडे त्यांचं शेवटचं जे आहे ते मी परभणी सोडली त्या दुपारचं.

सामान आदल्या दिवशीच पुढे गेलं होतं. रिक्षा दाराशी लावून मी निरोप घ्यायला त्यांच्या अंगणात गेले. फाटकाशी सुनंदाची स्कूटी होती. अप्पा दाराकडे पाठ करून खुर्चीत बसलेले, डोळे मिटलेले, गळ्याच्या शिरा फुगवून गात होते. बाजूला निळ्या टी-शर्टातले दोघं आपली पाळी येईपर्यंत मुकाट उभे होते. मी वाकले. पायाला हात लागताच अप्पांनी डोळे उघडले. माझी पर्स, हातातली पिशवी, बाहेरची रिक्षा, सगळं बघितलं. त्यांना कळलं. तोंडातला शब्द काही त्यांनी थांबवला नाही. एक हात माझ्या डोक्यावर ठेवला, दुसरा मांडीवर ताल धरत राहिला, आणि भुवया उचलून त्यांनी मागच्या दाराकडे खूण केली. आत माणूस आहे.

मी मान हलवली. रिक्षावाल्यानं हॉर्न दिला.

बोलायचं राहिलं ते राहिलंच. रिक्षा वळली तरी मागून आवाज येत होता. दोन्ही ओळी संपल्या, अप्पांनी दम घेतला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.